एका घरातले दोन एक्स-रे

सलग बसून लिहायला गेलं की अजूनही खांदे भरून येतात. म्हणून हे मी तुकड्यातुकड्यांनी लिहिलं आहे, कधी दुपारी भांडी आटोपल्यावर, कधी साकोलीच्या बसची वाट पाहताना. ज्यांना नुकतंच कळलंय, त्यांच्यासाठी लिहिते आहे. औषधांची नावं यात सापडणार नाहीत, ती तुमच्या पाकिटावर आहेत. पाकिटावर जे नसतं तेवढं सांगते.

मी आशा सेविका आहे. गावातल्या बाळंतिणी, लेकरांचे डोस, तापाचे रुग्ण आणि टीबीच्या गोळ्या, या सगळ्यांच्या मागे फिरणारी बाई. अकरा वर्षं झाली. आमचं गाव एकोडीच्या पुढे, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. नवरा मनोहर तलावात जाळं टाकतो. सासूबाई, गिरजाबाई, ती मासोळी बाजारात नेऊन विकतात. मुलगी पल्लवी साकोलीला बारावीला जाते.

या अकरा वर्षांत गावातल्या सात जणांना मी टीबीच्या गोळ्या खाऊ घातल्या. सगळ्यांना एकच सांगायची, "लपवू नका, घाबरू नका, हा आजार बरा होतो." इतक्या वेळा म्हटलं होतं की त्या वाक्यात काय आहे हे पाहायची मला कधी गरज पडली नव्हती.

*

धानाचं रोवणं, म्हणजे भाताची लावणी, नुकतंच संपलं होतं. समाजमंदिरात छातीच्या तपासणीचं शिबिर लागलं. एक्स-रेचं यंत्र केवढं, तर लग्नातल्या फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याएवढं. फोटो निघाला की तो टॅबवर जायचा आणि कंप्युटरच तो वाचून सांगायचा, छातीत संशय आहे की नाही. एआय म्हणतात त्याला. नागपूरहून आलेल्या एका संशोधनाच्या टीमला पाहायचं होतं की आमच्यासारख्या गावात, जिथं एक्स-रे वाचणारा डॉक्टर कधी येत नाही, तिथं हे यंत्र कितपत खरं बोलतं.

लोकांना आणायचं काम माझं. लोक आले, पण रांगेत कोणी उभं राहीना. सगळे भिंतीला टेकून बसले.

"डॉक्टर कोठी आहे वो?" म्हाताऱ्या तुळशीरामबुवांनी विचारलं.

"डॉक्टर नाही बुवा. हे मशीनच सांगते."

"डॉक्टर नाही अन् रोग सांगते? मशीन आहे का पंचांग आहे?"

सगळे हसले. मग ते म्हणाले, "तू पहिले उभी राय. तुले काही नाही झालं त आमी येतो."

मी उभी राहिले. छाती पुढे, हनुवटी वर, श्वास रोखून. दोन मिनिटांचंही काम नाही. एक्स-रेवाले भाऊ टॅब माझ्याकडे वळवूनच बसले होते, कारण मी कामातलीच बाई. फासळ्यांचा काळा-पांढरा फोटो आला, आणि त्यावर उजव्या खांद्याच्या खाली एक लाल-पिवळा ढग उमटला. बाजूला संशयाचा एक आकडा. भाऊंनी टॅब हळूच आपल्याकडे फिरवला.

"ताई, तुम्ही जरा बाजूला बसता का?"

"फोटो हलला असेल," मी म्हटलं.

"नाही हलला."

मागून कोणीतरी ओरडलं, "पास का वो वनिताबाई?"

"पास," मी म्हटलं. मग रांग लागली.

सासूबाईही त्या रांगेत होत्या. वर्षानुवर्षं डोक्यावर टोपली वाहून त्यांची पाठ वाकली आहे, सरळ उभं राहता येत नाही. त्यांचा फोटो दोनदा काढावा लागला. कंप्युटरनं सांगितलं, संशय नाही. घरी येताना साऱ्या वाटेनं त्या भेटेल त्याला सांगत होत्या, "मी पास झाली."

*

मला खोकला नव्हता, हे आधी सांगते. खोकला नाही म्हणजे टीबी नाही, असं समजणाऱ्यांसाठी. संध्याकाळी अंग मोडून यायचं. मी म्हणायची, दुसऱ्याच्या बांध्यांत रोवायला गेले होते, त्याचं आहे. जेवण जात नव्हतं. मी म्हणायची, पावसाळी हवेचं आहे. अकरा वर्षं लोकांची हीच कारणं मी खोडून काढली होती.

थुंकी द्यायची होती. ती कशी द्यायची हे मी डोळे मिटून शिकवू शकते. उठल्याबरोबर चूळ भरायची, मोकळ्या हवेत जायचं, तीनदा खोल श्वास घ्यायचा, मग आतून खाकरायचं. तीन दिवस सकाळी घरामागच्या वाडीत उभी राहून मी खाकरत होते आणि डबीत नुसती लाळ पडत होती. ज्यांना मी "नीट काढा न हो" म्हणून रागावले होते, ते सगळे आठवले.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्या दिवशी मी झिंग्याची भाजी केली.

चार दिवसांनी अनघा मॅडमचा फोन आला. त्या संशोधनाच्या टीममधल्या डॉक्टर, वयानं माझ्याहून लहान.

"वनिताताई, थुंकी निगेटिव्ह आहे, पण तुमचा फोटो मी स्वतः पाहिला. मला तो बरा वाटत नाही. भंडाऱ्याला येऊन पुन्हा द्याल? तिथं वाफ देऊन काढतात."

मला राग आला. दिवसभर लोकांची दारं वाजवून आले होते, पाय दुखत होते.

"मॅडम, तुमच्या मशीनला खोटं पडू द्यायचं नाही, म्हणून बोलावता का मला?"

त्या म्हणाल्या, "मशीन खोटं पडलं तर तेही मी लिहीन, ताई. त्यासाठीच मला ठेवलंय. पण तुम्ही या."

मी गेले नाही. त्यांनी पुन्हा फोन केला, तरी गेले नाही. तिसऱ्या फोनच्या आदल्या दिवशी दिवाळीत शिवलेलं ब्लाऊज घातलं आणि ते खांद्यावरून घसरलं. पल्लवी म्हणाली, "आई, हे तुयंच आहे न?" मग भंडाऱ्याची बस धरली.

*

ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी साकोलीच्या बसस्टँडवर होते. हातात लेकरांच्या लसीचे कागद होते.

आम्हा आशांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. वरचे साहेब त्यात कामाचे मेसेज टाकतात. त्या दिवशी चुकून पूर्ण यादीच टाकली, कोणत्या गावात कोण नवीन रुग्ण. मी सवयीनं आपल्या गावाचं नाव शोधलं. एक होता. सवयीनंच मनात म्हटलं, चला, उद्या सकाळी जाऊन यावं लागेल, घरच्यांनाही समजवावं लागेल. मग नाव वाचलं.

बस आली, लोक चढले, बस गेली. मी उभीच होते.

मेसेज लगेच काढला गेला. साहेबांनी फोन करून चार-चारदा माफी मागितली. पण ग्रुपमधल्या सगळ्या बायांना माझ्या नवऱ्याच्या आधी कळलं होतं. त्यातल्या एकीचा, शेजारच्या गावच्या आशाचा, फोन आला. ती आजाराचं काहीच बोलली नाही. "जेवली का?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, "स्टँडच्या बाहेर आलूबोंडे भेटतात. खाऊन घे पहिले. मंग बसजो बसमंधी." मी खाल्ले. असल्या दिवशी कोणीतरी आपल्याला छोटं काम सांगावं लागतं.

मनोहर पाळीवर जाळं सांधत बसला होता. मी थोडं दूर उभं राहून सांगितलं. त्यानं सुई थांबवली नाही.

"सात जनाले बरं केलं न तुनं? आठवी तू."

चांगलं बोलला. पण बोलताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. आणि संध्याकाळपर्यंत त्या जाळ्याचा वीतभर भागही सांधला गेला नव्हता.

*

आता लाज वाटते ते लिहिते.

मी नऊ दिवस लपवलं. मनोहर सोडला तर कोणालाच सांगितलं नाही. गोळ्या तांदळाच्या कोठीमागे ठेवल्या. ताप आहे म्हणून कामाची सुट्टी घेतली.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी गावातल्या रंजनाच्या बाळाचं वजन केलं होतं. वीस दिवसांचं बाळ. वजनाच्या झोळीत रडत होतं म्हणून मी त्याला उचलून खांद्यावर घेतलं, गालाला गाल लावला. रंजनाला लगेच सांगायला हवं होतं, म्हणजे बाळाची तपासणी झाली असती. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी नऊ दिवस गेले. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. रोज दुपारपर्यंत वाटायचं, उद्या.

दहाव्या दिवशी तिच्या अंगणात गेले. तोंडाला फडकं बांधून, लांबूनच सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, बाळ उचललं आणि आत जाऊन दार लावलं. मी बराच वेळ तिथंच उभी होते. दाराआडून ती म्हणाली, "नऊ दिवस, वनिताताई?"

बाळाला काही झालेलं नव्हतं. आजार होऊ नये म्हणून त्याला औषध सुरू केलं. रंजना माझ्याशी बोलायची थांबली. मी तिच्या जागी असते तर मीही थांबले असते.

रंजनाच्या अंगणातून बातमी गावात गेली आणि गावातून आमच्या घरात. सासूबाईंनी माझं ताट, गिलास आणि खाट घराबाहेरच्या छपरीत आणून ठेवली.

"दुनियाच्या घरी फिरून फिरून तूनं आनलं हे घरात," त्या म्हणाल्या. "आता माझ्या टोपलीवर कोन येईन?"

"आई, मासोळीनं नाही होत हे."

"मले मालूम आहे. लोकायले मालूम आहे का?"

 नवरा मेल्यावर मासोळी विकून त्यांनी मनोहरला वाढवलं होतं. त्या दुष्ट नव्हत्या, घाबरल्या होत्या. हे आज लिहिता येतं. तेव्हा छपरीत बसून जेवताना मला त्यांचा रागच यायचा.

*

तिसऱ्या आठवड्यात उलट्या थांबेनात आणि डोळे पिवळे झाले. गोळ्या लिव्हरवर गेल्या होत्या. असं फार जणांना होत नाही, घाबरू नका. मला झालं. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात बारा दिवस काढले.

भीती वाटते ती पहिले दोन दिवस. नंतर नुसता कंटाळा. पहाटे पाचला दिवे लागतात. फरशी पुसली जाते, फिनाईलच्या वासानं पुन्हा मळमळतं. मग थर्मामीटर, मग रक्त काढणारी बाई, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी. त्यात तुमच्या वाट्याला एक मिनिट येतं आणि विचारायचं ठरवलेलं सगळं तुम्ही विसरता. दुपारी छताच्या पंख्याकडे पाहायचं. सगळ्या गोळ्या बंद करून पुन्हा एकेक सुरू करत होते, म्हणजे प्रत्येक गोळीची वेगळी वाट पाहायची, ही पचते का, ही पचते का.

शेजारच्या खाटेवर वरठीच्या शोभाताई होत्या. त्यांचा नवरा तिथल्या लोखंडाच्या कारखान्यात. कामाची पाळी सुटली की सायकलनं सरळ भंडाऱ्याला यायचा. आत सोडत नसत, म्हणून खिडकीबाहेर उभा राहायचा. दोघं फार बोलत नसत. तो विचारायचा, "भात खाल्ला का?" त्या म्हणायच्या, "तू खाल्ला का?" तो गेल्यावर त्या बराच वेळ खिडकीकडेच पाहत राहायच्या.

एका दुपारी त्या आपला कंगवा घेऊन माझ्या खाटेवर आल्या. "पाठ कर इकडं. काय झिपऱ्या करून बसली." माझ्या केसांत गुंता झाला होता. त्यांनी तेल लावलं, एकेक गाठ सोडवली, घट्ट वेणी घातली. महिनाभरात मला औषधासाठी सोडून कोणी हात लावला नव्हता. मी रडत होते, त्यांना पाठीमागून दिसत नव्हतं. दिसत असेल तरी त्या काही बोलल्या नाहीत.

पल्लवी रविवारी यायची. घरचा स्वयंपाक करून, कॉलेज करून, एवढा प्रवास करून. तिचे डोळे खोल गेले होते. एकदा तोंडावरचा मास्क नीट करत म्हणाली, "आई, तू साऱ्यायच्या घरी जाऊन सांगतेस न, तसं मलेबी सांग न."

"काय सांगू?"

"बरा होते म्हणून."

मला ते वाक्य तोंडातून निघेना. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते अडकलं. मग म्हटलं, "बरा होतो, बेटा. लपवायचं नाही, घाबरायचं नाही." माझ्याच कानाला ते पाठ केल्यासारखं वाटलं. पण तिनं मान हलवली आणि बाहेर जाऊन डबा धुऊन आणला.

*

घरी आले तेव्हा धान कापणीला आलं होतं. मी छपरीत पडून असायची. कामं नव्हती, ताकद नव्हती. घरातले आवाज ऐकायचे, एवढंच.

सासूबाईंचा खोकला आमच्या घरात माझ्या लग्नापासून आहे. कोंबडा आरवतो तसा तो पहाटे सुरू व्हायचा. "आईचा दमा" म्हणून आम्ही सगळ्यांनी त्याला नाव देऊन टाकलं होतं. आता दिवसभर भिंतीपलीकडून तो ऐकताना मला कळायला लागलं की तो बदलला आहे. आधी कोरडा होता. आता ओला होता आणि शेवटी एक लांब ओढ होती, तळाशी काहीतरी खरवडल्यासारखी. त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. हे केव्हापासून होतं? मला सांगता येईना.

"आई, थुंकी तपासून घ्या एकडाव."

"कायले? मशीननं मले पास केलं. तुले धरलं, मले सोडलं. मशीनचा अन् माझा काय सोयरपना आहे का?"

मी अनघा मॅडमना फोन केला. त्यांनी जुना फोटो पुन्हा उघडला. 

"ताई, त्या वाकून उभ्या आहेत. खांद्याचं हाड फुप्फुसावर आलंय. त्याच्या मागे काहीतरी आहे असं मला आता वाटतंय. मशीननं आकडा कमी दिला आणि कमी आकड्याचे सगळे फोटो आम्ही पुन्हा पाहत नाही." मग म्हणाल्या, "पण अशांसाठीच तर शिबिरात लक्षणांचा फॉर्म भरतात. खोकला असेल तर फोटो कसाही येवो, थुंकी घ्यायचीच असते. त्यांच्या फॉर्मवर खोकला 'नाही' लिहिलंय. कोणी भरला होता?"

फॉर्म मीच भरले होते. त्या दिवशी साऱ्या गावाचे. सासूबाईंचा भरताना त्यांना विचारलंही नव्हतं. मला सगळं माहीतच होतं ना. खोकला: नाही. म्हातारीचा जुना दमा, त्याला काय खोकला म्हणायचा.

मॅडमना मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चूक आमचीही आहे, ताई." मला त्यानं काही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई अंगणात टोपलीला शेण सारवत होत्या. मी लांबूनच म्हटलं, "आई, तवा तुमचा फॉर्म मी भरला होता. खोकला नाही म्हणून लिवलं. तुमाले इचारलं नाही."

त्या सारवत राहिल्या.

"मलेबी असंच वाटे, आपल्याले काही नाही. मीबी नऊ दिवस लपवलं. तुमी पाहिलं न काय झालं ते."

"तूनं नऊ दिवस लपवलं," त्या शेवटी म्हणाल्या. "मी थुकीत लाल पाहून दोन महिने झाले." हात धुतले आणि आत गेल्या.

दोन दिवसांनी सकाळी माझ्या खाटेजवळच्या कोनाड्यात डबी ठेवलेली दिसली. झाकण घट्ट लावलेलं.

रिपोर्टला वेळ लागला नाही. जंतू भरपूर होते. कोणामुळे कोणाला झालं, मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, आणि सांगता आलं असतं तरी त्याचा उपयोग काय? घरात कोणी त्यावर बोललं नाही. माझं ताट आत गेलं नाही. सासूबाईंचं बाहेर आलं. छपरीत दुसरी खाट पडली. मनोहर आणि पल्लवीची तपासणी झाली, दोघं ठीक होते. त्यांनाही प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू केल्या. चार माणसांच्या घरात रोज सकाळी चार जण गोळ्या खात होते.

*

पुढचे महिने सांगण्यासारखे नाहीत. थकव्याला गोष्ट नसते. पेज प्यायची, गोळ्या घ्यायच्या, सांधे दुखतात म्हणून पाय चोळायचे. बाजार सुटला. मनोहर एकदा टोपली घेऊन बसला, पण त्याला हाक देता येत नाही. शरमेनं मान खाली घालून बसला आणि अर्धी मासोळी परत आणली. मग तो तलावावरच व्यापाऱ्याला द्यायला लागला.

सासूबाई आणि मी दिवसभर दोन खाटांवर. आधी बोलायचो नाही. मग त्या मला हाका मारायला लागल्या. "वनिते, गोरी घेतली का?" त्या गोळीला गोरी म्हणतात. रोज विचारायच्या, जशी मी अकरा वर्षं लोकांना विचारत आले. एखाद्या दिवशी मी तोंड फिरवायची, तर त्या म्हणायच्या, "माह्यासाठी नको खाऊ. पोरीचा पेपर आहे, तिच्यासाठी खा."

माझ्या गोळ्या आधी संपल्या. शेवटच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "झालं." मी बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आनंद होईल असं वाटलं होतं. फक्त झोप आली.

सासूबाईंच्या त्यानंतर संपल्या. जंतू गेले, पण उजवं फुप्फुस वरून आकसल्यासारखं झालंय. टोपली आता उचलवत नाही. चार पावलं चाललं की भिंत धरतात.

*

मी कामावर परतल्यावर काही महिन्यांनी अनघा मॅडम घरी आल्या. मधे त्या एकदा सासूबाईंची परवानगी मागायला येऊन गेल्या होत्या. तो जुना फोटो मशीनला शिकवायला वापरू का, म्हणून. त्यांनी समजावून सांगितलं होतं की हे मशीन देशोदेशींचे फोटो पाहून शिकतं, पण त्यात ओझं वाहून वाकलेल्या म्हाताऱ्या बायांचे फोटो थोडे आहेत, म्हणून तिथं ते चुकतं. सासूबाईंनी विचारलं होतं, "नाव राहीन का माझं त्याच्यात?" नाही म्हटल्यावर बचत गटात शिकलेली सही त्यांनी सावकाश केली होती.

आता मॅडम टॅब घेऊन आल्या होत्या. "आजी, मशीन नवीन केलंय. तुमचा तोच फोटो त्याला पुन्हा दाखवला. तुम्हाला दाखवावं म्हणून आले."

सासूबाई खाटेवर उठून बसल्या. मॅडमनी फोटो उघडला. वाकलेल्या पाठीच्या फासळ्या, त्यावर आलेलं खांद्याचं हाड, आणि त्या हाडामागून आता लाल-पिवळा ढग दिसत होता. आकडाही मोठा होता.

"आता दिसतंय त्याला," मॅडम म्हणाल्या. त्यांना आनंद झाला होता, आणि तो व्हायलाच हवा होता. उद्या अशा कितीतरी बायांना ते वेळेवर सांगेल.

सासूबाईंनी टॅब मांडीवर घेतला. काचेवरून बोट फिरवलं, पुसल्यासारखं.  मग टॅब मॅडमना परत दिला.

"चांगलं झालं, त्याले आता दिसते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. "मी त तवाबी खोकलतच होती."